एकतीस नंबरचा दुसरा तुकडा

मी या कामात आले तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते. त्याआधी काही वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, मग मुलगी झाली आणि मी आठ वर्षं घरी बसले. पुन्हा नोकरी शोधायला निघाले तेव्हा मेंदूच्या स्कॅनचं विश्लेषण करणाऱ्या एका छोट्या गटात जागा आहे असं कळलं. मेंदूतलं मला काही म्हणजे काही कळत नाही, हे मी मुलाखतीतच सांगून टाकलं. आमच्या प्रमुख बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आम्हालाही फारसं कळत नाही. आकडे येतात ना?"

आकडे येत होते. सोमवारपासून मी कर्वेनगरातून तिथे जायला लागले.

अभ्यास साठीच्या आसपासच्या माणसांच्या स्मरणशक्तीचा होता. माणूस एमआरआयच्या बोगद्यात आडवा होतो. डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी एक चौकट असते, डोळ्यांपुढे छोटा आरसा. आरशात एकामागून एक साध्या वस्तूंची चित्रं दिसतात: कुलूप, कंगवा, चप्पल. एखादं चित्र आधी येऊन गेलं असेल तर बटण दाबायचं, एवढंच काम. तेवढ्या वेळात मशीन दर दोन-तीन सेकंदांनी मेंदूचं एक धूसर चित्र घेत राहतं. दुसऱ्या हातात एक रबरी फुगा दिलेला असतो. घाबरायला झालं तर तो दाबायचा, की लगेच बाहेर काढतात.

लोक तो दाबतात. कुणाला खोकला येतो, कुणाला लघवीला लागते, कुणाला नुसतीच धडधड होते. मग बाहेर येऊन, पाणी पिऊन, पुन्हा आत जातात आणि राहिलेलं पूर्ण करतात. चित्रांचा संच मात्र तेव्हा नवा सुरू होतो, आधीची चित्रं त्यात येत नाहीत. अशा मधेच थांबलेल्या स्कॅनचे दोन तुकडे आमच्याकडे येत. ते नीट लावणं हे माझं पहिलं काम होतं.

बाईंनी मला सुरुवातीलाच बजावलं होतं की हे तुकडे सरळ एकापुढे एक चिकटवायचे नाहीत. माणूस परत आत गेला की डोकं पूर्वीच्या जागी बसत नाही, थोडं तरी कलतं. मशीनही नव्याने जुळवून घेतं, त्यामुळे चित्रांचा उजळपणा बदलतो. म्हणून प्रत्येक तुकडा आधी वेगळा साफ करायचा. सुरुवातीची काही चित्रं टाकून द्यायची. मग दोन्ही तुकडे त्या माणसाच्या मेंदूच्या एका स्पष्ट, स्थिर चित्रावर नेऊन बसवायचे, आणि मधे खंड पडला आहे हे प्रोग्रॅमला सांगायचं. नाहीतर मधला वेळ गेलाच नाही असं धरून तो पुढचं गणित मांडतो.

हे सगळं मी वहीत लिहून घेतलं होतं. तरी एकतीस नंबरने मला तीन आठवडे छळलं.

सहभागी होणाऱ्यांची नावं बाईंच्या कपाटात कुलूपबंद असत. माझ्याकडे फक्त नंबर यायचे. एकतीस म्हणजे एकसष्ट वर्षांच्या एक बाई, वाघोलीकडच्या, एवढंच मला माहीत होतं. सोबतच्या कागदावर टेक्निशियनने लिहिलेलं होतं, "मधे थांबवले. पंचवीस मिनिटांनी पुन्हा सुरू. सहभागी ठीक." स्पष्ट, स्थिर चित्र सुरुवातीलाच घेतलं होतं. पहिला तुकडा त्याच्यावर अगदी छान बसला. दुसरा बसेना.

कडा जुळत नव्हत्या. कपाळाकडची बाजू लावली की मागची बाजू कवटीबाहेर जायची, मागची लावली की मधल्या पोकळ्या सरकायच्या. मी बाईंना दाखवलं. त्या घाईत होत्या. म्हणाल्या, "डोकं जास्त हललं असेल. नाहीतर मशीनने ताणलं असेल चित्र. जरा मोकळीक देऊन बघा प्रोग्रॅमला."

मी मोकळीक दिली. जितकी दिली तितकं त्याने ताणून, दाबून ते बसवलं. शेवटी कडा जुळल्या. मला समाधान वाटायला हवं होतं, पण उलट आणखीच गोंधळल्यासारखं झालं, कारण आतले आकडे विचित्र होते. पहिल्या तुकड्यात या बाई अडखळत होत्या. नवीन चित्रं आली तरी आधी पाहिलं आहे म्हणून बटण दाबत होत्या. दुसऱ्या तुकड्यात त्यांची एकही चूक नव्हती आणि बोट पटापट चालत होतं.

मी याचा अर्थ लावला. अर्थ लावायची मला सवय आहे, ती शिकवण्यातून आलेली असावी. आठवड्याच्या बैठकीत मी आलेख दाखवला आणि म्हणाले की मधल्या विश्रांतीनंतर या बाईंची स्मरणशक्ती स्पष्टपणे सुधारलेली दिसते, आणि थांबलेल्या स्कॅनकडे अडचण म्हणून न बघता संधी म्हणून बघता येईल.

प्रमुख बाईंनी आलेख शांतपणे पाहिला. "विश्रांतीने माणूस ताजातवाना होतो हे कळायला आपल्याला एवढं मोठं मशीन कशाला लागतं?" एवढंच म्हणून त्या पुढच्या विषयाकडे वळल्या.

मी चांगलीच ओशाळले. पण आता मला ते सिद्ध करायचं होतं. निदान जुळवणी बरोबर आहे एवढं तरी. म्हणून मी सगळ्या सहभागींचे सगळे तुकडे एकमेकांशी ताडून बघितले. कुणाचं डोकं कुणाशी किती सारखं, असा एक तक्ता. अपेक्षा अशी की प्रत्येकजण स्वतःशीच सगळ्यात जास्त जुळेल. तसंच आलं. फक्त एकतीसचा दुसरा तुकडा एकतीसशी जुळत नव्हता. तो बत्तीसशी जुळत होता, आणि तोही जराही न ताणता, कडेला कड लागून.

प्रोग्रॅममध्ये चूक असणार म्हणून मी तो पुन्हा चालवला. मग फाइलींची नावं तपासली. मग दुसऱ्या पद्धतीने ताडलं. दुपारी डबा खायचाही राहिला. दर वेळी तेच. बत्तीस नंबरचं स्कॅन आठवडाभराने झालेलं होतं, सलग, कुठेही न थांबता. त्या दिवशीच्या फाइली या दिवशीच्या फाइलींत मिसळणं शक्यच नव्हतं. म्हणजे एकाच बाईचा मेंदू दोन नंबरांखाली होता, आणि एका नंबराखाली दोन बायकांचे. माझंच डोकं चालेनासं झालं.

मी बाईंकडे गेले. त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघितली आणि पहिल्यांदाच माझ्याशी वेगळ्या आवाजात बोलल्या. "हे मी तेव्हाच बघायला हवं होतं. ताणायला मीच सांगितलं तुम्हाला."

त्यांनी कपाट उघडलं. एकतीस आणि बत्तीस या एकाच घरच्या निघाल्या. सख्ख्या जावा. दोघींना एकाच दिवशी बोलावलं होतं. थोरलीचं स्कॅन मधे थांबल्यामुळे वेळ गेला, पुढे रुग्णांच्या वेळा लागल्या होत्या, म्हणून धाकटीला आठवड्याने परत यायला सांगितलं, अशी नोंद होती.

टेक्निशियनला फोन केला. ज्याने स्कॅन थांबवलं त्याची पाळी दोनला संपली होती. दुसरा म्हणाला, "मॅडम, मी आलो तेव्हा गाउन घालून एक मावशी बसलेल्या होत्या. स्क्रीनवर नंबर होताच. विचारलं, राहिलंय ना पूर्ण करायचं? त्या हो म्हणाल्या."

"एकच होत्या की दोघी?"

"दोघी होत्या बहुतेक. दोघींनीही गाउन घातले होते. जी उठली तिला घेतलं."

मग मी एकतीस नंबरच्या घरी फोन लावला. थोरल्या मावशींनीच उचलला. मी हळूच विचारलं की त्या दिवशी मधे थांबल्यावर परत आत कोण गेलं होतं. मग त्या म्हणाल्या, "झालं ना माझं. समदं पुरं झालं." मी पुन्हा विचारलं. त्या पुन्हा तेच म्हणाल्या, त्याच आवाजात, आणि फोन ठेवला.

बाई म्हणाल्या, "प्रत्यक्ष जाऊन या. रागवायला जायचं नाही. चूक आपल्या बाजूची आहे, हे आधी सांगा."

नगर रस्त्याच्या गर्दीतून वाघोलीला पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि मधेच यांचं बैठं घर, पुढे शेणाने सारवलेलं थोडं अंगण. दोघी तिथेच बसून शेंगा फोडत होत्या. कोण थोरली आणि कोण धाकटी हे मला वयावरून लगेच कळलं. खरं तर मला त्यांच्या मेंदूच्या घड्या ओळखता आल्या असत्या, चेहरे मात्र मी पहिल्यांदा पाहत होते. थोरल्या उंच, बारीक, कमी बोलणाऱ्या. धाकट्या ठेंगण्या आणि चपळ.

मी चूक आमची आहे, वगैरे सांगितलं. थोरल्या मावशी मान खाली घालून शेंगा फोडत राहिल्या. धाकट्या मात्र सरळ म्हणाल्या, "आता लपवायचं काय त्यात. मीच गेले आत."

"पण का?"

"आक्कांना बाहेर काढलं. त्या काय परत जायला तयार नव्हत्या. आन् बसून म्हणत होत्या, आपल्यापायी त्यांचं काम अडलं. तेवढ्यात त्यो दुसरा आला, म्हणाला राहिलंय ना? मी म्हटलं, राहिलंय, चला."

"अहो मावशी, पण राहिलेलं त्यांचं होतं. तुमचं वेगळं करायचं होतं."

"म्हंजी माझं केलंच की मी नंतर. ते काय बुडवलं न्हाई." त्यांना माझा मुद्दा खरंच कळत नव्हता. "खुरपायला एकीचा हात भरून आला की दुसरी तिची राहिलेली पात धरती. काम एकाच घरचं हाय."

"हाताचं ठीक आहे. पण हे डोकं आहे ना."

"डोकं बी घरचंच हाय," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. प्रत्येकाचा मेंदू वेगळा असतो, हे वाक्य मी मनात जुळवलं आणि ते मलाच बावळट वाटलं. तेवढ्यात थोरल्या मावशी चहा टाकते म्हणून आत गेल्या.

त्या दाराआड होताच धाकट्या मावशी माझ्याजवळ सरकल्या. आवाज एकदम खाली आला. "ताई, खरं सांगते. तिला म्हणू नका मी सांगितलं म्हणून. तिला वरीसभर इसर पडतोय. मला एकटीलाच ठावं हाय. घरात कुनाला कळू दिलं न्हाई. तुमच्या त्या मशीनीत तिला भ्या वाटलं ते आवाजाचं न्हाई. बाहेर येऊन माझा हात धरून म्हणाली, मला समदीच चित्रं पाहिल्यावानी वाटत्यात. नवं कुठलं आन् जुनं कुठलं कळंना. मग मला वाटलं, ही आता नापास होणार. नापास झाली की घरी चिठ्ठी येणार. म्हणून मी गेले."

"ती परीक्षा नव्हती मावशी. आम्ही कुणाला पास-नापास करत नाही. चिठ्ठीही पाठवत नाही."

"मग कशाला घेताय?"

मी उत्तर द्यायच्या आत चहा आला. चांगला झाला होता, आलं घातलेला. थोरल्या मावशी माझ्यासमोर बसल्या आणि आपणहून बोलल्या, बहुधा आपल्यामागे काय बोलणं झालं हे त्यांना न सांगता कळलं होतं. "मला आठवत्यात चित्रं," त्या म्हणाल्या. "कुलूप होतं. कंगवा होता. एक पिवळी छत्री होती. एक किटली. सांगू अजून?"

मी म्हटलं, "नको मावशी. बरोबर आहे."

बरोबर आहे की नाही हे मला कुठे माहीत होतं! परत येऊन मी चित्रांची यादी काढली. कुलूप होतं, कंगवा होता, किटलीही होती. छत्रीही होती, पण ती काळी होती. मी त्या काळ्या छत्रीकडे कितीतरी वेळ बघत बसले. इतक्या दिवसांनी, भेदरलेल्या अवस्थेत पाहिलेल्या चार वस्तू एका दमात सांगणाऱ्या बाईला विसराळू म्हणायचं का? की नसलेला पिवळा रंग तिला इतका पक्का आठवतो, हेच काळजीचं? मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मलाही माझ्या लग्नातल्या शालूचा रंग चुकीचा आठवतो. फोटो बघितल्यावर कळलं. यावरून काही ठरत नाही."

मग आम्ही फाइलींचा निर्णय घ्यायला बसलो. दुसरा तुकडा थोरल्या मावशींचा नव्हताच, तो काढून टाकायचा. पहिला तुकडा खरा, पण अर्धवट, म्हणून तोही धरता येत नव्हता. धाकट्या मावशींचं आठवड्यानंतरचं स्कॅन सलग आणि सुरेख होतं, पण त्यातली अर्धी चित्रं त्यांनी आधीच एकदा पाहिली होती, त्यामुळे त्यातली हुशारी उसनी. तेही बाद. एवढ्या घोळातून आमच्या हाती काहीच उरत नव्हतं.

"पहिला तुकडा तरी ठेवूया," मी म्हणाले. "आपण ज्याच्या शोधात आहोत ते नेमकं त्यात असेल. त्यांना जिथे सगळंच ओळखीचं वाटायला लागलं, ती मिनिटं त्यात आहेत."

"असेल," बाई म्हणाल्या. "पण ते तुम्हाला त्यांच्या अंगणात बसून कळलं. आकड्यांतून नाही. आकड्यांतून तुम्हाला काय कळलं होतं? विश्रांतीने सुधारणा होते."

आमच्या तक्त्यात स्कॅन वगळण्याचं कारण लिहायचा रकाना असतो आणि त्यात तीन-चार पर्याय ठरलेले असतात: हालचाल, यंत्राचा बिघाड, सहभागीची माघार. यातलं काहीच लागू होत नव्हतं. मी "इतर" निवडून खाली सगळं लिहिलं, जावा, पाळी बदलणं, नापास होण्याची भीती. बाईंनी त्यातलं बहुतेक खोडलं आणि एकच वाक्य ठेवलं, "दुसरा भाग वेगळ्या व्यक्तीचा." नैतिकता समितीला मात्र त्यांनी स्वतः सविस्तर पत्र लिहिलं, आणि स्कॅनच्या आधी दर वेळी, थांबून पुन्हा सुरू करतानाही, नाव विचारून खात्री करायची असा नियम लावून घेतला.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. त्यांच्या ओळखीतल्या एका मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे थोरल्या मावशींना नेण्याची व्यवस्था केली. मला भीती होती की त्या यायच्या नाहीत. पण दोघीही वेळेआधी येऊन बसल्या होत्या. डॉक्टरांनी तासभर विचारपूस केली, रक्त तपासायला सांगितलं. एक जीवनसत्त्व बरंच कमी निघालं, ऐकूही एका कानाने कमी येत होतं. त्यामुळेही असं होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. नसेलही त्यामुळे. औषधं घ्या, सहा महिन्यांनी बघू.

बाहेर आल्यावर धाकट्या मावशींनी मला विचारलं, "म्हंजी काय म्हणायचं आमी? हाय का न्हाई?"

"सहा महिन्यांनी कळेल म्हणाले."

"आन् तवर?"

थोरल्या मावशीच मधे म्हणाल्या, "तवर गोळ्या खायच्या. चल." आणि त्या रिक्षाकडे चालायला लागल्या, रस्त्याची दिशा अगदी बरोबर धरून.

सहा महिने झाले. पुन्हा तपासणी झाली. पहिल्यापेक्षा वाईट नाही, चांगलंही म्हणता येणार नाही, असं सांगितलं गेलं. मधल्या काळात मी पुष्कळ थांबलेली स्कॅन हाताळली आणि आता मी ती बरी हाताळते. प्रोग्रॅमला ताणायची मोकळीक देण्याआधी दोन्ही तुकडे उघड्या डोळ्यांनी शेजारी ठेवून बघते. न जुळण्याला आधी मान देते, मग कारण शोधते. नव्याने आलेल्या मुलींना मी हे शिकवते तेव्हा त्या वहीत लिहून घेतात, मी घेतलं होतं तसंच.

परवा धाकट्या मावशींचा फोन आला. शनिवार होता, मी घरी पोहे करत होते. त्यांनी आधी माझ्या मुलीची चौकशी केली, आक्का बऱ्या आहेत असं सांगितलं. मग म्हणाल्या, "ताई, एक इचारायचं होतं. माझं बी डोकं हाय ना तुमच्याकडं? दोनदा हाय."

"आहे ना."

"ते जरा बघून सांगता का? मला आता भ्या वाटतंय. आक्कांचं समदं ध्यानात ठेवायचं म्हणून मी दिवसभर ध्यानात ठेवत असते. त्यांनी गोळी घेतली का, गॅस बंद केला का. आन् कधी कधी मला कळत न्हाई, हे मी आज बघितलं का काल. त्यांचं हाय का माझं."

मी गॅस बारीक केला. त्यांच्या दोन्ही स्कॅनमधली प्रत्येक घडी मला पाठ होती, पण त्यातून मला यांच्या प्रश्नाचं उत्तर सांगता येणार नव्हतं. "मावशी, आमच्या चित्रांवरून एका माणसाचं काही सांगता येत नाही. पुष्कळ माणसांचं एकत्र करून सरासरी सांगता येते. डॉक्टरांकडे जाऊ आपण. मी येते बरोबर."

"पुष्कळांचं येतं आन् एकाचं येत न्हाई?"

"हो."

"आसं कसं?"

मी सांगायला लागले. आकड्यांतला गोंगाट, डोक्यांचे वेगवेगळे आकार, एका माणसाचं एका दिवसाचं मोजमाप किती कच्चं असतं ते. त्या मधे मधे हं म्हणत राहिल्या. दोन-तीन वाक्यांनंतर माझं मलाच कळेना की मी त्यांना समजावते आहे की स्वतःला. मागून थोरल्या मावशींचा आवाज आला, कुणाशी बोलतेय म्हणून. "त्या मेंदूवाल्या ताईंशी," धाकट्या मावशी म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "बरं, बुधवारी येऊ का मग?"

बुधवार ठरला.